‘मॅडम, मी खरंच एवढं खात नाही’

खुर्चीत टेकायच्या आधीच तिने फाइल टेबलावर ठेवली. थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल. त्याखाली जनुक-चाचणीचा रिपोर्ट, त्यात ‘एफटीओ’ या अक्षरांभोवती लाल पेनाने गोल. इतका दाबून काढलेला, की मागच्या पानावर उमटला होता. आणि एक जाडजूड वही.

“हे वाढलेलं वजन रक्तातच आहे, मॅडम. आईचं तसंच, माझं तसंच. आता मुलगी सात वर्षांची आहे. हातपाय मारण्यात काही अर्थ आहे का, तेवढंच सांगा.”

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सारखं कोणी ना कोणी येतं. (तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी त्या लाल गोलाचं बोललो. एफटीओ जनुकाचा वजनाशी संबंध २००७ मध्ये समोर आला. आई आणि वडील दोघांकडूनही जोखमीची प्रत आलेल्यांचं वजन, ती अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोंनी जास्त भरलं होतं. तिचं वाढलेलं होतं २४.

“मग बाकीचे २१?”

इथे मी चुकले. वजनाशी निगडित जनुकं शेकड्यांनी आहेत, शिवाय आतड्यातले सूक्ष्मजीवही आहेत, असं म्हणत मी उंदरांची गोष्ट सुरू केली. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत पूर्ण निर्जंतुक वातावरणात उंदीर वाढवतात. जुळ्या बहिणी, एक लठ्ठ, एक सडपातळ. अशा जोड्यांच्या विष्ठेतले सूक्ष्मजीव या उंदरांच्या पोटात सोडले. लठ्ठ बहिणीचे जीवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली. २०१३ चं हे संशोधन. वेळ संपली, गोष्ट तिथेच थांबली.

पुढच्या भेटीला ती जीवाणूंच्या कॅप्सूलची महागडी बाटली घेऊन हजर. तिचा काय दोष? उत्तरार्ध मीच गिळला होता. दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले (उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात), तेव्हा सडपातळ बहिणीकडचे जीवाणू दुसऱ्या उंदरांतही रुजले आणि त्यांची चरबी वाढायची थांबली. पण हे घडलं कमी चरबीच्या, भरपूर तंतू असलेल्या खाण्यावर. खाणं चरबीचं आणि फळं-भाज्या जेमतेम असताना ते रुजेनात. बाटली तिने पर्समध्ये परत टाकली, जरा रागानेच.

तिसऱ्या भेटीत मी ती वही उघडली. दोन वर्षांचं खाणं: वेळ, पदार्थ, किती. प्रत्येक पानाच्या तळाशी छोटीशी सही.

“ही कुणाची?”

“ह्यांची. मी खरं लिहिलंय म्हणून.”

मला पटकन काही बोलता आलं नाही. मग मी कागदावर दोन आकडे लिहिले: ४.३ आणि १३.३. क्लोद बुशार यांनी कॅनडात क्यूबेकमध्ये एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या देखरेखीखाली ठेवल्या होत्या. आठवड्यातले सहा दिवस, एकूण ८४ दिवस, प्रत्येकाला रोज १,००० जादा कॅलरी. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले. वजन सगळ्यांचं वाढलं. पण कुणाचं ४.३ किलो, कुणाचं १३.३. आणि एकाच जोडीतल्या भावांची वाढ बरीच मिळतीजुळती. जादा खाणं सगळ्यांना सारखंच मोजून दिलेलं.

ती त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. “म्हणजे खोटं बोलत नव्हते मी.”

माझ्या मते तिचं खरं दुखणं हे होतं. जनुकं ही तिची ढाल होती. चोरून खातेस या आरोपापासून वाचायला धरलेली. आरोप गेल्यावर ती धरायचं कारण उरलं नाही. नवऱ्याला एकदा बोलावलं, सह्या बंद झाल्या. आहारतज्ज्ञांनी तंतू वाढवले, तिने रोजचं चालणं सुरू केलं. अंगमेहनत असली की एफटीओचा जोर काहीसा कमी पडतो, हे कळल्यावर तो लाल गोल तिला जरा लहान वाटला असावा. तिशीनंतर मेटाबॉलिझम बसतं, ही समजूतही काढून टाकावी लागली: २०२१ मध्ये ६,४०० हून अधिक लोकांची मोजमापं एकत्र पाहिली, तर शरीराचं आकारमान हिशेबात घेता २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर निघाला. मुलीसाठी एवढंच ठरलं की तिच्यासमोर वजनकाटा काढायचा नाही आणि ताट सगळ्यांचं एकच.

सहा महिन्यांत ५ किलो उतरले. जाहिरातीत छापण्याजोगा आकडा नव्हे.

शेवटच्या भेटीत ती म्हणाली, “आईला फोन केला होता. तिलाही मी कायम हेच ऐकवायचे, तू गुपचूप खातेस म्हणून. ते जुळ्यांचं सगळं सांगितलं.”

“काय म्हणाल्या?”

“बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ते दोन आकडे मला लिहून पाठव.”