लहान अणुभट्टी: कागदावरची आणि जमिनीवरची

लहान मॉड्यूलर अणुभट्ट्यांविषयी (म्हणजे कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडायच्या छोट्या अणुभट्ट्यांविषयी) पुण्यातून येणाऱ्या पत्रांत कागदावरची भट्टी म्हणजे तयार भट्टी, असा एकच गोंधळ वारंवार आढळतो, म्हणून चार प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: बाणेरच्या आमच्या सोसायटीपुरती अशी भट्टी बसवता येईल का?

उत्तर: नाही.

प्रश्न: ‘लवकरच अणुभट्टी येणार’ असे सांगून एजंटाने भूखंड दाखवला आहे. पत्रक सोबत जोडले आहे. घ्यावा का?

उत्तर: पत्रक पाहिले. त्यात हिरवळ आहे, घसरगुंडी आहे, पांढराशुभ्र घुमट आहे. वापरलेले इंधन थंड ठेवण्याचा हौद मात्र कोठेही नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ स्थळ, बांधकाम आणि चालवणे यांना टप्प्याटप्प्याने संमती देते. स्थळाच्या संमतीचा कागद एजंटाकडे मागावा आणि वकिलाकडून सातबारा तपासून घेतल्याखेरीज इसार देऊ नये.

प्रश्न: भोसरीत आमचा फोर्जिंगचा कारखाना आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे आराखडे तयार आहेत, असे ऐकतो. त्यांच्या विजेचा युनिटला दर किती धरावा?

उत्तर: कोणताही धरू नये. ‘आराखडा’ या एका शब्दाने फार घोटाळा केला आहे. प्राथमिक आराखड्यात भट्टीची क्षमता, इंधन आणि शीतक (भट्टीतील उष्णता वाहून नेणारा पदार्थ) ठरतात. प्रत्येक वेल्ड, झडप आणि केबलचा मार्ग तपशीलवार आराखड्यात येतो, आणि खर्चाचा खरा अंदाज तेथूनच सुरू होतो. आपल्याकडे ग्राहकाचे नुसते रेखाचित्र आले, त्यावर मापे नाहीत, पोलादाची प्रत नाही, तर आपण भाव द्याल का? अमेरिकेत न्यूस्केल या कंपनीच्या लहान अणुभट्टीच्या आराखड्याला नियामकाने जानेवारी २०२३ मध्ये प्रमाणित केले. तरीही युटातील वीज संस्थांसाठीच्या प्रकल्पातील विजेचा अंदाजित दर मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो प्रकल्प रद्द झाला. आपल्या भाभा केंद्रात २०० आणि ५५ मेगावॉटच्या भट्ट्यांवर काम चालू आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान अणुभट्ट्यांसाठी २०,००० कोटी रुपये आणि २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी भट्ट्या असे जाहीर झाले. ते उद्दिष्ट आहे, आणि उद्दिष्टाला वेळापत्रक समजण्याची आपली सवय जुनी आहे. (वेळ दवडण्याचीही.) तूर्त प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाला बोलावून आपल्या कारखान्यातल्या भट्ट्यांतील उष्णतेची गळती मोजून घ्यावी.

प्रश्न: मुलगा यांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘लहान अणुभट्टी तज्ज्ञ’ प्रमाणपत्राचा खासगी वर्ग लावावा का?

उत्तर: त्या प्रमाणपत्रावर भट्टीजवळ कोणी उभे करत नाही. भाभा केंद्राच्या प्रशिक्षण विद्यालयाची जाहिरात पाहावी, विभागप्रमुखांशी बोलावे आणि मुलाला ‘गेट’ या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या अभ्यासाला बसवावे.