वाचकांचे प्रश्न: वर्गात कोणी बोलतच नाही

प्रश्न: ताई, एप्रिलपासून मी जपानमधल्या एका छोट्या गावात ज्युनिअर हायस्कूलला एएलटी, म्हणजे इंग्रजीची असिस्टंट टीचर आहे. वर्गात काही विचारलं की सगळी मुलं माना खाली घालून बसतात, एक हात वर येत नाही. टीचर्स रूममध्येही सगळे कामात बुडालेले. मी शाकाहारी आहे, त्यामुळे डबा नेते आणि एकटीच जेवते. माझं काही चुकतंय का, की मी इथे नकोशीच आहे?

उत्तर: अगं, नकोशी वगैरे काही नाहीस, ते आधी डोक्यातून काढून टाक. मी तिथे चार वर्षं शिकवलं आणि पहिल्या टर्ममध्ये माझंही अगदी हेच चाललं होतं, रोज घरी येऊन रडायचे.

आधी वर्गाचं सांगते. मुलं गप्प बसतात ती इंग्रजी येत नाही म्हणूनच असं नाही, तेरा-चौदा वर्षांच्या पोराला सगळ्या वर्गासमोर एकट्याने उभं राहून चुकायची भीती वाटते. एवढंच असतं बहुतेक वेळा. म्हणून तू सगळ्यांना एकदम विचारूच नको. प्रश्न फळ्यावर लिही, मिनिटभर शेजारच्याशी बोलू दे, उत्तर वहीत लिहू दे, तोवर तू बाकांमधून फिर आणि मग ज्याचं उत्तर बरोबर आहे हे तू आधीच बघून ठेवलंयस त्याला विचार. माझ्या वर्गात पहिला हात असाच वर आला, अर्धाच, कोपर बाकाला टेकलेलं, पण आला. पन्नास मिनिटांच्या तासात असे दोन हात जरी आले तरी खूप झालं असं समज.

पण खरं सांगू का, मुलांशी ओळख तासाला होतच नाही, ती होते सोउजीच्या वेळी, म्हणजे मुलं शाळा झाडतात-पुसतात तेव्हा. तुझ्याही शाळेत असणार ते, तेव्हा टेबलाशी बसून राहू नको, फडकं घे आणि जा! मी पहिल्यांदा फडकं पिळलं तर त्यातून पाणी टपटपत होतं, एका मुलीने काही न बोलता ते माझ्या हातातून घेतलं, उभं धरून दोन्ही मनगटं आत वळवून कसं पिळायचं ते दाखवलं, आणि परत माझ्या हातात दिलं. मग आम्ही दोघी ओणव्या होऊन फडकं दोन्ही हातांनी पुढे ढकलत कॉरिडॉरभर धावलो. दुसऱ्या दिवसापासून ती मला जिन्यात दिसली की स्वतःहून हॅलो म्हणायची, वर्गात जी तोंड उघडत नव्हती ती.

जेवणाचं पण तसंच आहे. डबा टीचर्स रूममध्ये खायचा असा काही नियम नसेल तर व्हाइस प्रिन्सिपलना, म्हणजे क्योतो-सेन्सेईंना विचार की मी डबा वर्गात नेऊन मुलांबरोबर जेवू का. शाळेचं जेवण पांढरे एप्रन-टोप्या घालून मुलंच सगळ्यांना वाढत असतात, त्या गडबडीत तुझा डबा उघडला की प्रश्न आपोआप येतील, अर्धे जपानीत अर्धे इंग्रजीत. आणि एक लक्षात ठेव, मिसो सूप दिसतं शाकाहारी पण त्याच्या दाशीत, म्हणजे सूपच्या मूळ पाण्यात, बहुतेक वेळा कात्सुओबुशी असते, म्हणजे वाळवलेल्या बोनितो माशाचे पापुद्रे. मला हे दोन महिन्यांनी कळलं आणि फार वाईट वाटलं होतं. नुसतं 'मांस खात नाही' म्हणून भागत नाही, दाशी कशाची आहे हे विचारायचंच. घरी कोंबू, म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी कर, छान लागते.

टीचर्स रूममधल्यांना मात्र थोडा वेळ दे. शिकवणं, क्लब, पालकांचे फोन, त्यांना खरंच श्वास घ्यायला फुरसत नसते. सकाळी आत शिरताना मोठ्याने 'ओहायो गोझाईमास', म्हणजे गुड मॉर्निंग, म्हण आणि निघताना 'ओसाकीनी शित्सुरेई शिमास', म्हणजे तुमच्या आधी निघतेय, माफ करा. कोणी मान वर केली नाही तरी रोज म्हण. 'ओत्सुकारेसामा देस', म्हणजे दमलीस, छान काम केलंस, असं उत्तर येतंच, आणि गावाला जाऊन आलीस की सगळ्यांच्या टेबलावर एकेक छोटं बिस्किट ठेव, तिथे ही पद्धतच आहे.

प्रश्न: मीही जपानमध्येच शिकवतोय, नुकतंच एक वर्ष झालं. पगारातून आता जास्त पैसे कापले जाणार असं सहकारी म्हणतात, हे कशाचे?

उत्तर: तो जुउमिनझेई, म्हणजे रहिवासी कर. तो आदल्या कॅलेंडर वर्षाच्या कमाईवर लागतो आणि जूनपासून वसूल होतो, त्यामुळे नवीन माणसाला सुरुवातीला लागतच नाही आणि आपल्याला वाटतं पगार एवढा हातात येतो. करपात्र उत्पन्नाच्या साधारण १० टक्के धरून चाल आणि आत्तापासून बाजूला टाकत जा. १ जानेवारीला तू जिथे राहत होतास तिथली पालिका तो घेते, म्हणजे मधे गाव बदललंस तरी बिल जुन्या गावाचं येणार, घाबरू नको. आणि कधी कायमचा परत आलास तर पेन्शनमध्ये भरलेल्या पैशांसाठी एकरकमी परताव्याचा अर्ज करता येतो, किमान ६ महिने भरलेलं असावं लागतं आणि जपान सोडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज जायला हवा, त्यामुळे निघताना पेन्शनची कागदपत्रं सुटकेसमध्ये नाही, हँडबॅगेत ठेव.