मालवणला पहिल्यांदा निघालास म्हणून सांगतो

आंबोली उतरून मालवण गाठशील, तिथं सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटर. बुडी मारताना पोवळ्यावर पाय टेकवू नको. दगड वाटतो खरं, जिवंत असतो. मी एकदा टेकवला होता. तळवा खरचटला ते राहू दे, खाली पोवळ्याची फांदी मोडून पडलेली बघितली आणि दिवसभर घास गोड लागला नाही.

रात्री दूर पाण्यावर झगझगीत उजेड दिसला तर होडीवाल्यांशी हुज्जत घालू नको बाबा. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे. उजेडाला मोठ्या मासळीबरोबर पिल्लंही खेचली जातात. वेळ, दिशा लिहून ठेव आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात दे.

बेळगावात बसून तर जास्त काम आहे. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. तेव्हा कुणी ‘आजची ताजी सुरमई’ म्हणाला की कल्ला उचलून बघ की! आणि कुठून आली तेही विचार. शोभेच्या टाकीसाठी पोवळ्याचा तुकडा विकायला ठेवलेला दिसला, तर वनखात्याला कळव. वन्यजीव कायद्यात ते वाघाच्याच अनुसूचीत आहे, पहिल्या.