‘गॉथम बोल’मधला ‘बोल’ कुठला?

विचारणा अशी आली आहे: अमेरिकी फुटबॉलवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात ‘गॉथम बोल’ हे १९६२ नंतर बंद पडलेल्या एका सामन्याचं नाव येतं. त्याला ‘गॉथम चषक’ म्हटलं तर चालेल का? की या ‘बोल’चा संबंध गोलंदाजीशी आहे? आणि गॉथम तर बॅटमॅनचं शहर, मग ते खऱ्याखुऱ्या सामन्याच्या नावात कुठून आलं?

तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून सलगच लिहितो. आधी निकाल: ‘चषक’ लिहू नये, गोलंदाजीशी काही संबंध नाही, आणि ‘गॉथम’ हे न्यूयॉर्कचं टोपणनाव बॅटमॅनपेक्षा सव्वाशेहून अधिक वर्षांनी जुनं आहे.

गोलंदाजीचा संशय येणं अगदी साहजिक आहे. आपल्या कानावर हा शब्द पहिल्यांदा पडतो तो क्रिकेटमधून. पण इंग्रजीत एकाच स्पेलिंगचे आणि एकाच उच्चाराचे दोन वेगळे शब्द आहेत. क्रिकेटमधला ‘बोल’ फ्रेंच ‘बूल’वरून, म्हणजे चेंडू किंवा गोळा या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि त्याच्या मागे लॅटिन ‘बुल्ला’ आहे. ‘बुल्ला’चा मूळ अर्थ बुडबुडा. त्याच बुल्लाच्या वंशात ‘बुलेट’ येते, आणि शिक्का या अर्थावरून ‘बिल’सुद्धा. मराठीतला ‘गोलंदाज’ही आधी तोफेचे गोळे डागणारा होता, नंतर तो क्रिकेटच्या मैदानावर आला. दोन्ही भाषांमध्ये चेंडू टाकणाऱ्याचं नातं गोळ्याशी जुळावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसरा ‘बोल’ भांड्याचा. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘बोल्ला’पासून आला, त्याचं कुळ जर्मानिक, लॅटिनशी त्याचा संबंध नाही. आपण हॉटेलात ‘सूपचा बाउल’ म्हणतो तो हाच. मराठीत त्याचा उच्चार ‘बाउल’ असा रुळला आहे आणि भांड्यापुरता तो रुळलेलाच बरा. अमेरिकी फुटबॉलमधला ‘बोल’ या दुसऱ्या घराण्यातला आहे. मात्र तो भांड्यावरून थेट सामन्यावर गेलेला नाही. वाटेत एक मुक्काम आहे, आणि ‘चषक’ हा प्रतिशब्द तिथेच अडतो.

तो मुक्काम म्हणजे मैदान. कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन इथे येल विद्यापीठाने १९१४ साली नवं स्टेडियम बांधलं. आराखडा चार्ल्स फेरी या अभियंत्याचा. जमीन मधोमध खोदायची, निघालेली माती सभोवती रचून तिचा चढ करायचा आणि त्या चढावर बाकांच्या रांगा बसवायच्या, अशी ती रीत. त्यामुळे खेळाचं मैदान आजूबाजूच्या जमिनीच्या खाली गेलं आणि वरच्या रांगा तिच्या वर आल्या. सत्तर हजार माणसं बसतील एवढा प्रचंड वाडगा तयार झाला आणि त्याचं नावही ‘येल बोल’ पडलं. २१ नोव्हेंबर १९१४ रोजी तिथला पहिला सामना झाला. त्यात हार्वर्डने यजमानांना ३६-० असं हरवलं.

कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावात १८९० पासून नववर्षदिनी गुलाबांचा उत्सव भरतो. त्या उत्सवात १९०२ साली फुटबॉलचा सामना ठेवला होता. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं चिरडलं आणि वेळ संपायच्या आधीच स्टॅनफर्डने खेळ सोडला. मग बरीच वर्षं तिथे फुटबॉलऐवजी रथांच्या शर्यती होत राहिल्या. १९१६ मध्ये फुटबॉल परतला. गर्दी मावेना म्हणून वास्तुविशारद मायरन हंट यांच्याकडून येलच्या नमुन्यावर नवं स्टेडियम बांधून घेतलं, ते १९२२ साली तयार झालं. उत्सव गुलाबांचा आणि आकार वाडग्याचा, म्हणून ‘रोझ बोल’. इथपर्यंत ‘बोल’ म्हणजे विटा-माती-सिमेंटचा ‘बोल’ आहे. १ जानेवारी १९२३ पासून नववर्षाचा सामना त्या स्टेडियममध्ये होऊ लागला आणि लोक सामन्यालाच ‘रोझ बोल’ म्हणू लागले.

हे कसं घडतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पुण्यातला कॉलेजचा पोरगा ‘यंदा पुरुषोत्तम करतोय’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात करंडक नसतो. एकांकिका, तालमी, भरत नाट्य मंदिर, निकालाची रात्र असं सगळं मिळून ‘पुरुषोत्तम’ असतं. वस्तूचं नाव प्रसंगाला चिकटतं आणि वस्तू मागे पडते. फरक इतकाच की आपल्याकडे चषक आणि करंडक या जिंकणाऱ्याच्या हातात द्यायच्या वस्तू आहेत, तर अमेरिकेतला ‘बोल’ ही ज्यात बसून सामना पाहायचा ती जागा होती. ‘गॉथम चषक’ म्हटलं की मराठी वाचकाला बक्षीस दिसेल, शिवाय साखळी, उपान्त्य फेरी, अंतिम फेरी असलेली स्पर्धा दिसेल. बोल-सामना तसा नसतो. हंगाम संपल्यावर दोन महाविद्यालयीन संघांना आमंत्रण देऊन खेळवलेला तो एकच सामना असतो.

एकदा ‘बोल’ म्हणजे निमंत्रितांचा सामना असा अर्थ पक्का झाल्यावर वाडग्याच्या आकाराची गरजच उरली नाही. १९३५ मध्ये मायामीत ‘ऑरेंज बोल’ आणि न्यू ऑर्लिन्सला ‘शुगर बोल’ सुरू झाला, १९३७ मध्ये डॅलसला ‘कॉटन बोल’. गुलाब, संत्री, साखर, कापूस: जिथे जे पिकतं त्याचं नाव. ही सगळी उबदार गावं आहेत हेही लक्षात ठेवावं. ऐन थंडीत उत्तरेकडच्या पाहुण्यांना आपल्या गावी ओढून आणणं हा त्यामागचा रोकडा हेतू होता. ‘शुगर बोल’ या नावात तर दुहेरी गंमत आहे, कारण त्याचा साधा घरगुती अर्थ साखरेचं भांडं. दुसऱ्या महायुद्धानंतर या नावांना नुसता बहर आला. टॅम्पाला ‘सिगार बोल’, फ्रेझ्नोला ‘रेझिन बोल’ म्हणजे बेदाण्यांचा, फीनिक्सला ‘सॅलड बोल’. इव्हान्सविल हे फ्रिजच्या कारखान्यांचं गाव, म्हणून तिथे १९४८ ते १९५६ चक्क ‘रेफ्रिजरेटर बोल’ चालला. युद्ध चालू असतानाच, १ जानेवारी १९४५ ला, इटलीत फ्लॉरेन्स इथे अमेरिकी सैनिकांचा ‘स्पघेटी बोल’ झाला होता. यातले बहुतेक सामने काही वर्षांतच बंद पडले. भाषेच्या अभ्यासकाला मात्र ही नावं फार मोलाची आहेत, कारण एखादा शब्द नुसता प्रत्ययासारखा कसा वापरला जाऊ लागतो ते त्यांत दिसतं.

क्रिकेटप्रेमींसाठी एक जोड. साउदम्प्टनचं मैदान, जिथे जून २०२१ मध्ये भारत कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडकडून हरला, त्याचंही मूळ नाव ‘रोझ बोल’. गुलाब हॅम्पशायरच्या बोधचिन्हातला, आणि मैदान उतारात खोदून वाडग्यासारखं बसवलेलं. म्हणजे ऐन क्रिकेटच्या मैदानाच्या नावातसुद्धा ‘बोल’ भांड्याचाच आहे, गोलंदाजीचा नाही.

आता गॉथम. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरात या नावाचं गाव आहे. अर्थ शेळ्यांचं घर, आणि गावकरी उच्चार करतात तो ‘गोटम’च्या जवळचा. या गावाची मध्ययुगापासून चालत आलेली गोष्ट अशी: राजा जॉन तिथून जाणार होता. राजा ज्या वाटेने जाई ती सरकारी वाट होई आणि तिचा भार गावावर पडे. म्हणून गावकऱ्यांनी वेडाचं सोंग घेतलं. राजाची माणसं आली तेव्हा कोणी कोकिळा उडून जाऊ नये म्हणून झुडपाभोवती कुंपण घालत होतं, कोणी ईल मासा पाण्यात बुडवून मारू पाहत होतं. माणसं हात हलवत परत गेली आणि राजाने वाट बदलली. मराठीत ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ म्हणतात ते हुबेहूब हेच. तिथेही वेड पांघरलेलं आणि तिथेही गावाचं नाव. श्रीगोंदा तालुक्यातलं पेडगाव आणि नॉटिंगहॅमशायरातलं गॉथम ही दोन गावं एका ओळीत बसवता येतात याचा मला मनापासून आनंद होतो.

वॉशिंग्टन अर्व्हिंग या लेखकाने १८०७ मध्ये ‘सॅल्मगंडी’ या आपल्या नियतकालिकात न्यूयॉर्कला गॉथम म्हटलं. हेतू टवाळीचा होता: शहाणे म्हणवणाऱ्या वेड्यांचं शहर. न्यूयॉर्ककरांनी ते नाव राग न धरता उचललं आणि पुढे अभिमानाने मिरवलं, दुकानांच्या पाट्यांवरही लावलं. बॅटमॅनच्या लेखकाने १९४० च्या सुमारास तेच घेऊन आपल्या काल्पनिक शहराला दिलं. त्यामुळे ‘गॉथम बोल’चा साधा अर्थ ‘न्यूयॉर्कचा बोल-सामना’ इतकाच.

त्या सामन्याची कहाणी थोडी तपशिलात सांगतो, कारण नाव आणि वस्तू यांची इतकी फारकत झालेलं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. पहिला सामना १९६० मध्ये व्हायचा होता. ओरेगन स्टेट विद्यापीठाचा संघ तयार होता, पण त्याच्यासमोर उतरणारा दुसरा संघ मिळाला नाही आणि सामना रद्द झाला. ९ डिसेंबर १९६१ ला तो एकदाचा झाला, पोलो ग्राउंड्सवर. या मैदानाचं नावही ऐकण्यासारखं आहे. ज्या बेसबॉल संघाचं हे मैदान, त्याचं आधीचं मैदान खरोखर पोलोसाठी केलेलं होतं. संघ जागा बदलत गेला, नाव बरोबर नेत गेला, आणि ज्या शेवटच्या जागी हा सामना झाला तिथे पोलो कधी खेळलाच गेला नव्हता. म्हणजे पोलो नसलेलं ‘पोलो ग्राउंड्स’, त्यावर वाडगा नसलेला ‘बोल’, आणि तोही ‘गॉथम’ नसलेल्या शहरात. बेलर विद्यापीठाने युटा स्टेटला २४-९ असं हरवलं.

दुसरा सामना १५ डिसेंबर १९६२ चा, यांकी स्टेडियमवर, नेब्रास्का विरुद्ध मायामी. न्यूयॉर्कमध्ये ८ डिसेंबरपासून वर्तमानपत्रांचा संप चालू झाला होता. तो पुढे ११४ दिवस चालला. सामना आहे हे शहराला कळवायचं मुख्य साधनच बंद. त्यात पारा गोठणबिंदूच्या बराच खाली. दोन्ही संघ लांबचे, न्यूयॉर्कमध्ये त्यांचं म्हणावं असं कोणी नाही. आयोजकांकडे पैशांची इतकी ओढाताण होती की खर्चाची रक्कम खात्रीने हाती येईपर्यंत नेब्रास्काच्या संघाचं विमान लिंकन या त्याच्या गावाहून हललं नाही, अशी हकिकत नेब्रास्कात अजून सांगतात. अवाढव्य यांकी स्टेडियममध्ये प्रेक्षक आले ६,१६६.

आणि सामना झाला विलक्षण. मायामीच्या जॉर्ज मिराने थंडीला न जुमानता चेंडू फेकून ३२१ यार्ड मिळवले. तरी नेब्रास्काने ३६-३४ असा विजय मिळवला. बोल-सामन्यातला हा नेब्रास्काचा पहिलाच विजय. त्याआधी १९४१ चा रोझ बोल आणि १९५५ चा ऑरेंज बोल ते हरले होते. प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांचं ते लिंकनमधलं पहिलं वर्ष. पुढे त्यांच्याच हाताखाली नेब्रास्काने १९७० आणि १९७१ ची राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. न्यूयॉर्क ज्याला विसरलं तो सामना नेब्रास्कात म्हणूनच जपलेला आहे. गॉथम बोल मात्र पुन्हा झाला नाही. गुलाबाचा उत्सव नाही, ऊन नाही, घरचा संघ नाही. शब्दाला धरून ठेवणारं खाली काहीच नव्हतं असं माझं मत आहे.

लिहिताना काय करावं? पहिल्या उल्लेखात ‘न्यूयॉर्कमधला गॉथम बोल हा निमंत्रितांचा फुटबॉल सामना’ असं लिहा, पुढे नुसतं ‘गॉथम बोल’ किंवा ‘हा बोल-सामना’. ‘बाउल’ लिहू नका, वाचकाला सूप आठवेल. ‘बोल’ लिहिलं की तबल्याचे बोल आठवतील ही भीती रास्त आहे, पण पुढे ‘सामना’ आला की ती राहत नाही. ‘वाडगा’, ‘द्रोण’, ‘कटोरा’ वगैरे करून पाहण्याचा मोह टाळावा, कारण १९६२ पर्यंत इंग्रजी वाचकाच्या मनातही त्या शब्दात भांडं उरलेलं नव्हतं.

अनुवादात उपयोगी पडेल असा आणखी एक तपशील. यांकी स्टेडियमवर बोल-सामना परतला तो २०१० मध्ये, रस्त्यापलीकडे बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये. या वेळी नाव ठेवलं ‘पिनस्ट्राइप बोल’, यांकी या बेसबॉल संघाच्या गणवेशावरच्या बारीक उभ्या रेघांवरून. पहिला सामना सिरॅक्यूज आणि कॅन्सस स्टेट यांच्यात झाला, ३० डिसेंबरला. सिरॅक्यूज जिंकलं, ३६-३४ असं.