सेकंड हँड ऑक्टाव्हिया व्हीआरएस घ्यावी की नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात रोज 30 किमी चालवणं आहे, बजेट 20 लाख, आणि 2017 ची व्हीआरएस 230 (स्कोडा ऑक्टाव्हियाचं जास्त ताकदीचं, स्पोर्टी मॉडेल) मिळतेय, 'सिंगल ओनर, डॉक्टर ड्रिव्हन'. मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. पण ते 'डॉक्टर ड्रिव्हन' वाचलं आणि डोकंच सटकलं.

मी संभाजीनगरचा. आमच्या शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाचा प्लांट आहे, त्यामुळे शाळेत असल्यापासून ऑक्टाव्हिया डोक्यात बसलेली. तेव्हाची पहिली आरएस, म्हणजे याच व्हीआरएसची आधीची पिढी, 1.8 टर्बो, 150 पीएस, ती एकदा जालना रोडला आमच्या स्कूटरच्या बाजूने गेली ती अजून आठवते. 2023 मध्ये घरी सांगितलं की व्हीआरएस घेतोय, तर बाबांचा चेहरा उतरला. ते स्वतः बँकेतून व्हीआरएस घेतलेले, त्यांना वाटलं पोरगा चाळिशीच्या आत नोकरी सोडतोय. गाडी आहे म्हटल्यावर हायसं वाटलं त्यांना, किंमत कळेपर्यंत.

गाडी शोधून दिली दाजींनी. लाल रंग, मीटर 58,000, आरसीवर एकाच डॉक्टरांचं नाव. माझा एक मित्र गॅरेजवाला आहे, त्याच्याकडे फोक्सवॅगन-स्कोडाचा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचायचं मशीन) आहे, म्हटलं त्याला घेऊन येतो. दाजी भडकले. म्हणे डॉक्टरांची गाडी आहे, माझ्या ओळखीतली आहे, तिथे मशीन लावून माझी शोभा करू नकोस. सर्व्हिस रेकॉर्ड बघितलं तर शेवटची एंट्री 2020 ची, 47,000 वर. मग तीन वर्षांत फक्त 11,000? दाजी म्हणाले लॉकडाऊनमध्ये गाडी उभीच होती ना, आणि मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. टोकन दिलं, आठवड्यात गाडी दारात.

त्या रविवारी गंमत म्हणून मित्राने स्कॅनर लावला. इंजिन क्लीन, गिअरबॉक्स क्लीन. मागच्या पार्किंग सेन्सरच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, एक जुना फॉल्ट पडलेला होता. या गाड्यांमध्ये फॉल्ट आला की त्या क्षणाचं मीटर रीडिंगही सोबत सेव्ह होतं. रीडिंग होतं 91,000 च्या वर. ज्याने मीटर मागे केलं त्याने मोठ्या मॉड्यूलमधले कोड उडवले आणि पार्किंग सेन्सरला विसरला. मित्र काही बोलला नाही, नुसता लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

आरसीवरच्या नावावरून डॉक्टरांचं हॉस्पिटल शोधून फोन केला. बिचारे सज्जन माणूस. म्हणाले मी तर 2022 लाच विकली, तेव्हा नव्वदच्या आसपास होती, एजंटने कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या आणि गाडी नेली. म्हणजे बघा, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सही झालेली, गाडी एजंटकडे वर्षभर पडून किंवा फिरत, पण आरसीवर नाव डॉक्टरांचंच. कागदावर सिंगल ओनर! आणि दाजी त्या डॉक्टरांना आयुष्यात कधी भेटलेलेच नव्हते, त्यांची 'ओळख' म्हणजे तो एजंट.

आता 91 काय आणि 58 काय, इंजिन दणकट आहे, असं दाजी अजूनही म्हणतात. फरक पडतो. या गाडीत 6 स्पीड डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, ऑइलमधल्या क्लचवाली, तिचं ऑइल आणि फिल्टर दर 60,000 ला बदलायचं असतं. मी आरामात होतो की अजून दोन हजार किमी आहेत. प्रत्यक्षात ती 91 पार करून गेलेली आणि ऑइल कधी बदलल्याचा कागद नाही. गरम झाल्यावर ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरला झटका देत होती त्याचं कारण तेव्हा कळलं. ऑइल, फिल्टर केलं, झटका बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. एजंटने फोन उचलणं बंद केलं. दाजींशी चार महिने बोललो नाही, ताईने मध्ये पडून दिवाळीला बोलावलं.

हां, तुमचा प्रश्न. घ्या. 230 पीएस, 350 न्यूटन मीटर, शून्य ते शंभर सात सेकंदांच्या आत, आणि मागे इतकी मोठी डिकी की लग्नाचं सामान जाईल. नवीन असताना पंचवीस लाखांच्या आत एक्स-शोरूम होती आणि भारतात पाचशेच आल्या. 20 लाखांतली कुठलीही नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही चालवून बघा आणि मग हिच्यात बसा, मला समजावायची गरज पडणार नाही. 2020 ची 245 बघू नका, दोनशेच आल्या, 36 लाखांची होती, बजेटमध्ये बसणार नाही. (आमच्या गावात प्लांट असून ती बाहेरूनच इम्पोर्ट झाली, ते एक दुःख वेगळंच.)

फक्त पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज 30 म्हणताय तर मला 8-9 च्या वर मायलेज मिळत नाही हे धरून चाला. गाडी खाली आहे, सोसायटीचा स्पीडब्रेकर तिरका घ्यावा लागतो. 2017 ची गाडी ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनवलेली नाही, याचा विचार तुमचा तुम्ही करा. बंपर वगैरे खास पार्ट लागला तर वाट बघायची तयारी ठेवा. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही. दिल्लीची स्वस्त मिळतेय म्हणून भुलू नका, इथला रोड टॅक्स परत भरावा लागतो. आणि घरी एकच गाडी असेल तर माझं वरचं 'घ्या' थोडं हळू आवाजात वाचा.

टोकन द्यायच्या आधी आरसीवरच्या माणसाला स्वतः फोन करा, मधल्याने जोडून दिलेला फोन नको. आणि स्कॅन करणाऱ्याला सगळी मॉड्यूल उघडायला लावा, पार्किंग सेन्सरचं सुद्धा. दाजी असतील तर त्यांना चहाला पाठवा.