खेकडे पकडायला जायचंय? आधी हे वाच
अरे ते फॉरेनच्या व्हिडिओतले क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोट्या लॉबस्टरसारखे प्राणी, आपल्या ओढ्यात मुळात नसतातच, आपल्याकडे मिळतात ते गोड्या पाण्यातले खेकडे. आणि ठाण्यात राहतोस म्हणून टॉर्च घेऊन येऊरला घुसू नकोस हां, ते नॅशनल पार्क आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकशील, भाजीपुरत्या खेकड्यांसाठी कोर्टाच्या चकरा कोण मारणार. त्यापेक्षा मुरबाड-शहापूरकडे ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून भाताच्या बांधावर जा, पहिले दोन-चार पाऊस झाले की रात्री बाहेर पडतात. बिळात हात घालू नको, साप निघतो कधीकधी. पकडायचा मागून, पाठ नि पोट दोन बोटांत घट्ट, नांगी पोचत नाही. मग उलटा कर, पोटाच्या झडपेखाली बारीक पिल्लं वळवळताना दिसली तर लगेच सोड.