पंप वाजला नाही, तरी हात का सुजला?

रात्रभर सलाईनचा पंप एकदाही वाजला नाही, तरी सकाळी आजींचा हात कोपरापर्यंत सुजलेला दिसला. आपलं काय चुकलं, असं तू विचारलंयस. पंपाला सूज कळत नाही गं. त्याला कळतो फक्त नळीतला दाब. कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, शिरेतून निसटली तरी म्हाताऱ्या माणसाच्या सैल कातडीखाली पाणी सहज मुरत जातं, दाब फारसा वाढत नाही आणि अलार्मही होत नाही. म्हणून राऊंडला गेलीस की आधी हात बघायचा, मग स्क्रीन.

बघायचं ते पांघरूण बाजूला सारून, उजेडात, दुसऱ्या हाताशी ताडून. कॅन्युलाच्या वरच्या बाजूला बोटं टेकव. कातडी गार, फिकट, ताणलेली लागली तर सलाईन आऊट झालंय, म्हणजे शिरेबाहेर गेलंय. गरम, लाल, बोट लावताच कळ आणि शीर दोरीसारखी कडक, तर शिरेलाच सूज आलीय. दोन्हींत सलाईन बंद करून कॅन्युला काढायची आणि नवी दुसऱ्या हाताला लावायची. रक्त मागे येतंय एवढ्यावर विसंबू नकोस. टोक अर्धवट शिरेत असलं तरी ते येतं. गुंगीतला पेशंट किंवा लहान मूल असेल तर दर तासाला बघ, ते दुखतंय म्हणून सांगणार नाहीत.

नॉरॲड्रेनॅलिन (बीपी वाढवणारं औषध) किंवा कॅल्शियम चालू असेल तर मात्र कॅन्युला लगेच उपटायची नाही. औषध थांबव, सेट (सलाईनची नळी) काढ, छोटी सिरिंज लावून आत उरलेलं औषध ओढून घे, डॉक्टरांना बोलाव. उताऱ्याचं औषध कधी त्याच कॅन्युलातून द्यावं लागतं. सुजेची कड पेनाने आखून ठेव. नॉरॲड्रेनॅलिन थांबलं की बीपी कोसळू शकतं, तेव्हा दुसरी लाईन तिथल्या तिथे हवी.

पंप नसेल तर थेंब मोजायचे: १ मिलीला २० थेंब पडणाऱ्या सेटवर ५०० मिली ४ तासांत म्हणजे मिनिटाला साधारण ४२. हृदयाच्या पेशंटला धाप लागली तर सलाईन अगदी हळू कर, उशाकडचा भाग उंच कर आणि डॉक्टरांना कळव. लटकत्या बाटलीत पोटॅशियम कधीच घालू नकोस, नीट मिसळत नाही.

आज ड्युटीवर गेलीस की आजींचा हात उशीवर उंच ठेव. सूज उतरतेय का, बोटं हलतात का, नख दाबून सोडल्यावर लगेच गुलाबी होतं का, ते बघून वेळेसकट फाईलमध्ये लिही.